हात न लावता

सावद्याहून रावेरकडे निघालं की डाव्या हाताला
नेहेत्यांचा भुईकाटा. साठ टनी.
मे महिना. दुपारचे अडीच.
पत्र्याच्या खोलीत एक बाज, एक माठ,
आणि तो कॉम्प्युटर, ज्याच्यासाठी मला फैजपूरहून बोलावलं.

"काम करतं तव्हा गप राहतं बापा," डिगंबरभाऊ म्हणाले,
"पन मी बाजेवर पडलो का लागलं बोंबलाले.
पंख्याले राग येतो का काय, मी झोपलो म्हनून?"

मी डबा उघडला.
केळीच्या सोपटाचे तंतू, तंबाखूची काडी,
पालीच्या अंड्याचं रिकामं टरफल.
ब्लोअर मारला. चिपवरचा जुना लेप
भिंतीच्या चुन्यासारखा सुटून आला,
तुरीच्या डाळीएवढा नवा लावला.
झाकण बसवलं, चार स्क्रू, पाचवा कधीच नव्हता.

एक ट्रक आला. तोलला. पावती निघाली.
पंखा असा, की आहे का नाही.

ट्रक गेला.
सहा मिनिटांनी तो चढायला लागला,
इळा धारेच्या चाकावर टेकवावा तसा,
आधी बारीक, मग दात आंबवणारा.
मी माउस हलवला.
गप.
पुन्हा थांबले. पुन्हा चढला.
बोट लावलं. गप.

याचा अर्थ, मला काहीच करायचं नव्हतं.
हे माझ्या धंद्यात कुणी शिकवत नाही.
मागे एक नोंदवही चालू ठेवली, कोण किती राबतंय याची,
आणि हात मांडीवर घेऊन बसले.
माशी कीबोर्डवर बसली तरी श्वास धरायचा.
डिगंबरभाऊ बाजेवर, डोळे मिटून, पण जागे.
बाहेर बागेत कुणाची तरी मोटर पाणी ओढत होती.

वीस मिनिटं.
एवढा वेळ मी कुठे बसले होते याआधी?
आठवेना. मग नको ते आठवायला लागलं.

नोंदवही वाचली.
तर हे बिचारं पावत्या लावत होतं.
बारा वर्षांच्या, एकेक उघडून, वाचून,
उद्या कुणी मागितली तर चटकन सापडावी म्हणून.
मालक हात लावेल तेव्हा बाजूला व्हायचं,
मालक नसेल तेव्हा राबायचं,
इतकी अदब त्याला कुणीतरी लिहून दिलेली.
फक्त एका पावतीपाशी डिस्क खराब.
तिथे अडखळायचं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.
किती महिने, देव जाणे.

"एकेचाळीस हजार दोनशे सात," मी म्हणाले.
ते उठले. फळीवरून कार्बनची पुस्तकं काढली,
थुंकी लावून पानं उलटली, धूळ माझ्या चहात.
सापडली.
गाडी नंबर पुसट. माल: केळी.
रिकामी: ५८४० किलो.
भरलेली:
पुढे काही नाही.

"भरून आलीच नसंन," ते म्हणाले.
थोडं थांबले. "का दुसऱ्या काट्यावर गेली असंन."
पुस्तक मिटलं नाही लगेच.

मी त्या एका पावतीला वगळायला सांगितलं यंत्राला.
पंखा चढला, आम्ही चढू दिला.
पाच वाजून दहा मिनिटांनी
तो शेवटच्या पावतीपर्यंत पोचला असावा,
कारण उतरला, कुणी हात न लावता,
आणि मला पहिल्यांदा माठाचं ठिबकणं ऐकू आलं.

"चारशे," मी म्हणाले.
"धूळ काढल्याचे देतो. बसल्याचे कसले?"
"बसल्याचेच चारशे. धूळ फुकट."
हसले. साडेतीनशे दिले.

निघताना स्कूटी काट्यावरून नेली,
रस्ता तोच होता.
खिडकीतून लाल आकडे दिसले: एकशे साठ.
मी, पिशवी, पेट्रोल, सगळं धरून.

"ओ नफिसाबाई," आतून आवाज आला,
"पावती फाडतो तुमची बी.
भरेल लिहू का रिकामी?"

मी ब्रेकवर पाय ठेवून थांबले.
आकडा थोडा हलला, मग स्थिर झाला.