नमुना सात

आमच्या घरात ‘भेसळ’ ही शिवी होती.
हुपरीत चांदीचा टंच काढणाऱ्याच्या पोरीला
हे वेगळं शिकवावं लागत नाही.
अण्णा कसोटीच्या दगडावर पैंजणाची कडी घासायचे,
मान तिरकी करून बघायचे,
आणि आकडा असा सांगायचे
जणू गिऱ्हाइकाच्या खानदानाचाच काढलाय.

मी विद्यापीठात भेसळ करते.
काट्याच्या काचेआड श्वास धरून, मोजून:
झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअम, शंभरात दोन.
“दोनच का?” अण्णांनी विचारलं होतं.
म्हटलं, जस्ताच्या जागी ॲल्युमिनिअम बसलं
की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो,
कुणाच्याच नावावर नसलेला, म्हणून तो हिंडतो.
“आणि पाच घातले तर?”
पाच आत मावत नाहीत, अण्णा.
कणाकणांच्या बांधावर जाऊन बसतात,
येणाऱ्याजाणाऱ्याला अडवतात.
अण्णा हसले.
“म्हणजे भावकी.”

भुकटी पांढरी. भट्टीत पिवळी होते,
निवली की पुन्हा पांढरी, काही झालंच नाही अशी.
तापली की थोडा ऑक्सिजन उठून जातो
दोन इलेक्ट्रॉन मागं ठेवून.
हळूहळू थंड केली
तर हवेतलाच दुसरा कुणी येऊन जागा धरतो.
मी वहीत ‘रिकामी जागा’ लिहिते.
मुजावर मॅडम लाल शाईनं ‘दोष’ करतात.

एक ते सहा नमुने मठ्ठ निघाले.
सातवा भट्टीत होता, पहाटे पावणेपाचला
सन्मतीचा फोन.
“ताई, निघालो. साडेपाचची पुणे, तिथून राजकोट.
अण्णांना तू सांग.”
तिकडं यंत्रं साखळ्या विणतात,
आणि हा रव्याला डाक लावायचा तेव्हा
फुंकणीतला वारासुद्धा मोजून सोडायचा.

भट्टी पाचशेवर.
मिनिटाला दोन अंश, असं उतरायचं असतं, चार तास.
मी चिमट्यानं गोळी ओढली,
पिवळीजर्द, तशीच फरशीच्या तुकड्यावर टाकली
आणि स्कूटी काढली.
रस्त्यात मोर, हलेनात.
सायबर चौक, राजारामपुरी, सीबीएस.
गाडी फाटकाबाहेर वळत होती.
खिडकीतून एक हात निघाला.
कुणाचा ते दिसलं नाही. मीही हलवला.

परत आले तर गोळी गार,
पण पुरती पांढरी नाही; कडेला
जुन्या कागदासारखी.
टाकणार होते. दत्तूमामा झाडू थांबवून म्हणाले,
“केलीयास तर मोजून तरी बघ की.”
दोन्ही अंगांना चांदीचा लेप
(बाटली तळाला, ग्रँट अडकलेली),
तारा, मीटर.
रोध तीन घरं खाली.
तारा बदलल्या. मीटर बदलला.
तीन घरं.

“काय केलंस?” मॅडम.
लवकर काढली.
“का?”
बस होती.
त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या,
“एकदा झालं त्याला मी निष्कर्ष म्हणत नाही. पुन्हा कर.”

म्हणून आठ, नऊ, दहा.
आता मी घड्याळ बघून पाचशेवर दार उघडते,
कुठंही जायचं नसताना.
आकडा येतो. सातव्याइतका नाही, पण येतो.
प्रबंधात ओळ जाईल:
‘नमुना ७ हवेत जलद थंड करण्यात आला.’
कुणी, ते विचारायची पद्धत नाही.

दिवाळीला गोळी घरी नेली.
अण्णांनी ती कसोटीवर ओढली.
पाटीवरच्या खडूसारखी रेघ.
“हिच्यातनं वीज जाते म्हणतीस?”
जाते.
“आतनं फुटकी असून?”
म्हणूनच जाते, अण्णा.

ते बराच वेळ रेघेकडं बघत बसले.
मग सवयीनं गोळी काट्यावर ठेवली,
गुलाबी कागदात पुडी बांधली,
कानामागची पेन्सिल काढून वर लिहिलं:
वजन, एक ग्रॅम दोनशे.
टंच,

आणि पुढं काही न लिहिता
पुडी माझ्या हातावर ठेवली.