उखळी सांधा

पोरं खुबा म्हणत नाहीत, जांघ तर नाहीच.
म्हणतात, "इथं कुठंतरी,"
आणि हात हवेत फिरवतात,
पत्ता विसरलेल्या माणसासारखा.

टॉरिन निमेला, गोलरक्षक, कॉलेजचं चौथं वर्ष.
सुपिरिअर सरोवराच्या काठाकाठानं सहा तासांचा प्रवास,
बसमध्ये अख्खा संघ झोपलेला,
हा मधल्या वाटेत उभा.
"रस्ता बघायला आवडतो," म्हणाला.
बाहेर काळोख, आणि एक पांढरी रेघ.
वीस वर्षं मी यांच्या पट्ट्या बांधतेय;
बसायला घाबरणारा माणूस मला कळतो.

सकाळी त्याचा डावा मोजा
खोलीतला डेक्लन घालून द्यायचा.
गाडीतून उतरताना पाय दोन्ही हातांनी उचलून
बाहेर ठेवायचा,
दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.
हे मला नंतर कळलं.
सगळं नंतर कळतं.

तपासणी साधीच:
उताणं झोपायचं, गुडघे वाकवायचे,
मधोमध माझी मूठ. "दाब."
ऑक्टोबरात माझी बोटं कळवळली होती.
जानेवारीत त्यानं असं दाबलं
की मूठ नव्हे, कुणाचं पिल्लू आहे मध्ये.
छताकडे बघत म्हणाला,
"आखडलंय फक्त. तेवढंच लिही."
शनिवारी सामना होता.
मी लिहिलं: आखडलंय.

या सांध्याचं नाव उखळी.
उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं नसतं, म्हणतात.
म्हणणाऱ्यानं उखळाची बाजू
कधी ऐकली नसावी.
काठाची मऊ किनार रोज थोडी चेपते:
गुडघे आत, पोटऱ्या बाहेर फेकून
बर्फावर आपटून बसायचं.
या बैठकीला फुलपाखरू म्हणतात.
एका सरावात तीनशे वेळा फुलपाखरू.
कुठलं फुलपाखरू तीनशे वेळा पडून उठतं?

सत्र संपलं की यंत्र येतं,
लोकरीची टोपी घातलेली लॉर्ना ते हाकते,
मागं गरम पाण्याची चकाकती पट्टी.
चरे बुजतात. बर्फ कोरा.
वीस वर्षांच्या पोरांना वाटतं,
आपलंही असंच असतं.

तिसऱ्या सत्राची चार मिनिटं उरलेली.
डावीकडून फटका आला,
टॉरिन पाय लांबवत गेला
आणि तिथंच राहिला.
चकती त्याच्या पॅडखाली.
लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते;
त्या टाळ्यांतून मी घसरत धावले,
हातात एक टॉवेल, कशासाठी कोण जाणे.
बर्फाला गाल लावून त्यानं विचारलं,
"गेली का आत?"
"नाही."
"मग ठीक आहे."

खाली, कपडे बदलायच्या खोलीत,
घामानं चिकटलेला डावा मोजा मी काढला.
तो भिंतीकडे बघत होता.
मी माझ्या हातांकडे.
नोंद संगणकात आहे, तारखेसह.
खोडता येत नाही. बरंच आहे.

आज नवा मुलगा, एझ्रा पेल्टो,
मिशीसुद्धा धड फुटलेली नाही,
त्याच्या गुडघ्यांमध्ये माझी मूठ.
"आखडलंय फक्त," म्हणतो, छताला.

भिंतीपलीकडे लॉर्नाचं यंत्र घरघरतंय.
मी हात काढत नाही.
"पुन्हा दाब," म्हणते,
"आणि या वेळी माझ्याकडे बघ."