फुटाला एक सूत

माळ्यावरून सत्तावीस फर्मे उतरवले.
पद्माकर वरून देत होता, मी खाली घेत होते,
आणि दर फर्म्याला तो विचारत होता, हे काय असेल गं?
जसं काय मला ठाऊक.
एक पंपाचं पोट असावं. एक चरकाचं चाक, अर्धंच.
एक नुसतं कान असल्यासारखं.
मागे आप्पांच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, साल,
आणि कुठे कुठे, अधोरेखित: घाई.
ज्यांना घाई होती
त्यांच्या शेडच्या जागी उद्यमनगरात आता मोटारसायकली विकतात.

राजारामपुरीचं घर एकतीस तारखेला द्यायचंय.
माझ्या पुण्याच्या फ्लॅटला माळाच नाही.
वहिनी म्हणाली, वन्सं, देव आणि फोटो आम्ही नेतो.
म्हणजे बाकीचं नाही.

आईचं सोपं गेलं, याचं नवल वाटलं.
लुगडी वाटली. चटणीची बरणी
तिखटाच्या वासासकट शेजारी दिली.
धुऊन, वाळवून, चौघडी घातलेल्या दुधाच्या पिशव्या
तीनशे तरी निघाल्या,
त्यांवर आम्ही दोघं पोट धरून हसलो
आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुपारी दस्तगीर नदाफ टेंपो घेऊन आला.
"सागवान हाय ताई, पर रंगानं वाया गेलंय.
जळणाच्या भावानं धरू."
मग एक फर्मा उचलून त्यानं कडेवरून अंगठा फिरवला.
"उतार काय दिलाय बगा.
माझा बाप मोल्डर हुता, शिरोलीला.
म्हणायचा, फर्मा वाळूतनं काढताना
आदी चारी अंगानं हलकं ठोकायचं.
सैल झाला की सरळ वर.
मधी थांबायचं न्हाई. थांबलं की वाळू ढासळती."

आणि मग? पद्माकरनं विचारलं.
"मग काय. फर्म्याचं काम संपलं.
लोखंड त्या पोकळीत वततात."

तो एकेक नेत राहिला.
मी दारात उभी राहून मोजत होते.
एकोणीसला मोज चुकली.

हत्यारांच्या पेटीत तळाशी ती पट्टी होती.
सहावीत माझी हरवली म्हणून हीच नेली होती शाळेत.
मिठारी बाईंनी एकूणएक आकृतीवर लाल फुली मारली,
प्रत्येक रेघ केसभर लांब.
रडत घरी आले तर आप्पा हसायला लागले,
भुश्यानं भरलेल्या भुवयांसकट:
अगं, ही खोटी पट्टी.
लोखंड निवताना आखडतं.
म्हणून आधीच मोठं धरायचं,
फुटाला एक सूत.
तरी मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.
खोटी पट्टी घरात ठेवायचीच कशाला?

काल घर घेणाऱ्यांचा मुलगा
लाल ठिपक्याचं यंत्र घेऊन आला.
भिंतीला ठिपका लावला, आकडा वाचला:
हॉल, दहा बाय बारा.
परत मोज, म्हटलं.
या हॉलमध्ये माझ्या साखरपुड्याच्या पाच पंगती उठल्यात,
मधून वाढपी धावत होते.
त्यानं परत मोजलं. दहा बाय बारा.

"ताई, ही पट्टी लोखंडात घालू?"
नको, म्हटलं. फार चटकन म्हटलं.
दस्तगीरनं मान हलवली, पैसे मोजून दिले:
अठराशे चाळीस.
पद्माकर म्हणाला, तू ठेव. मी म्हटलं, तू.
शेवटी वहिनीनं त्याचे पेढे आणले, ते दोघांनीही खाल्ले नाहीत.

पट्टी पर्समध्ये मावेना.
तिरकी घातली, चेन अर्धी उघडी ठेवून एस.टी.त बसले.
किणी नाक्याच्या अलीकडे शेजारणीच्या दंडाला टोचली.
काय आहे हो?
पट्टी.
केवढी आहे ही!

एक फूट, म्हटलं.
सुताचं काही बोलले नाही.