मालक १००३

राउटरचे चारही दिवे हिरवे.
पिंग जातंय, उत्तर येतंय,
पासवर्ड तीनदा टाकून झाला,
वायरसुद्धा बदलली, टीव्हीमागची काढून.
ज्वारीच्या कोठीवर सर्व्हर घरघरतोय,
परभणीचा मे, झाकण उघडं,
घरातला एकुलता टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून.

आई म्हणते, फोल्डर दिसतंय की!
दिसतंय गं. उघडत नाही.
परवानगी नाही म्हणतंय.

रात्री दीडला, लाइन दोनदा जाऊन आल्यावर,
काळ्या खिडकीत एकेक ओळ वाचली.
मालकाच्या जागी नाव नाही,
नुसता आकडा. १००३.

हां.
दिवाळीत प्लॉटवरून वाजलं,
गजेंद्र बॅग उचलून नांदेडला गेला
आणि त्याच रात्री मी
त्याचं खातं उडवलं होतं. एका ओळीत.
नाव गेलं,
आकडा बसून राहिला
आईच्या गुडघ्याच्या रिपोर्टांवर,
सातबाऱ्यावर, माझ्याच लग्नाच्या फोटोंवर.

मालक बदलायची कमांड मला येते.
टाइपही केली.
मग पुसली, फोन लावला.
सात महिन्यांनी, झोपेतला आवाज:
"काऊन रे...
बंद करून चालू केलास का आधी?"