डाबी बाजू

तीन दिवस लोडर विश्वामित्रीच्या गाळात उभा.
इंजिन ठणठणीत. धूर ना काळा, ना पांढरा.
गिअर पडतो, दहा फूट चालतो,
आणि मध्येच हात सोडून देतो.
न्यूट्रल.
बकेटमध्ये दोन टन चिखल अधांतरी.
पलीकडच्या काठावर मगर, जबडा उघडा टाकून.
तिला कुणाला बिल द्यायचं नाही,
तिला घाई नाही.

माझ्याआधी तिघे येऊन गेले.
एक लॅपटॉपवाला, इस्त्रीच्या शर्टातला,
कंट्रोलर बदलून गेला. एक लाख ऐंशी हजार.
दुसऱ्यानं सोलेनॉइड बदललं.
तिसऱ्यानं तेल बदललं,
कारण काहीतरी बदलायला हवं होतं.
पडद्यावर तोच कोड, पुन्हा पुन्हा,
जसा म्हातारा एकच वाक्य सांगत राहतो
आणि घरचे विचारतात, पाणी हवंय का.

मी जगदाळे. राहायला दांडिया बाजार, शिकलो मकरपुऱ्यात.
मीटर, दोन सुया, बावीस फूट वायर, चहाचा थर्मास.
बॅटरी चोवीस पॉइंट सहा.
कॉइल अठ्ठावीस ओहम, हवी तशी.
पिना हिरवट नाहीत, वाकलेल्या नाहीत.
अर्थिंगची पट्टी उघडून घासली, पुन्हा आवळली.
सगळं बरोबर.
बिघाडाची ही सगळ्यात वाईट जात:
विचारायला जावं
तर घरात सगळे मजेत.

ऑपरेटर रायसिंग राठवा, छोटा उदेपूरकडचा,
टायरच्या सावलीत बसून बिडी विझवत होता.
तीन दिवसांत त्याला विचारलं गेलं ते एवढंच,
डिझेल किती आहे.
मी थर्मासचं झाकण भरून पुढे केलं.
म्हटलं, तू सांग.
त्यानं चहा संपवला. मग म्हणाला,
‘डाबी बाजू वळूं त्यारे ज.’
डाबी.
आमची डावी.
ब आणि व यांच्या मधल्या फटीत
माझी चाळीस वर्षं गेली या शहरात.
आणि उजवीकडे?
‘जमणी बाजू तो घोडानी जेम.’

कंट्रोलरचा प्लग काढला. ब्रेक ओढला. चाकांना दगड.
लोडरला मधोमध सांधा असतो, कंबर म्हणा.
वळताना तिथे माणूस सापडला
तर मीटर वाचायला कुणी उरत नाही.
म्हणून ती बावीस फूट वायर.
मी लांब, काठावर उकिडवा,
तार आणि लोखंड यांच्यातला अबोला मोजत.
सरळ: अनंत.
रायसिंगनं उजवीकडे घेतला: अनंत.
पुन्हा सरळ.
मग डाबी,
आणि आकडा विहिरीत पडल्यासारखा.
शून्य पॉइंट चार.

इंजिन बंद. कंबरेला आडणी लावून आत सरपटलो.
एका क्लॅम्पचं भोक रिकामं.
मागे कधीतरी कुणी होज बदलला,
आणि बोल्ट खिशात घालून घरी गेला.
तेव्हापासून तारांचा जुडगा
प्रत्येक डाव्या वळणाला पत्र्याच्या कडेवर घासत होता.
तिळाएवढं तांबं उघडं.
तुटलं नव्हतं काहीच.
टेकलं की यंत्र, शिकवलंय तसं,
घाबरून सगळं सोडून द्यायचं.

नवी नळी चढवली, टेप, क्लॅम्प बारा रुपयांचा.
परीखसाहेबांचा पहिला प्रश्न:
कंट्रोलर परत घेतील का?
रायसिंग ऐकायला थांबलाच नाही.
डावीकडे, डावीकडे, आणखी डावीकडे
गाळात गोल गोल,
रिकामी बकेट वर धरून.
मगर कधी पाण्यात उतरली
कुणीच पाहिलं नाही.

रात्री मांडवीपाशी स्कूटर डावीकडे वळवताना
मी उगाच वेग कमी केला.
मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.
काही घासतंय का, ऐकत होतो.