अडीच फेरे

जानेवारी. लष्करातलं धुकं साडेसातलाही
दौलतगंजाच्या गल्लीत ठाण मांडून.
नानांच्या राजदूतला चोवीस वेळा किक मारली,
पंचविसाव्याला ती नुसती खोकली.
समोरून भदौरियांची सून म्हणाली, धक्का देऊ?
म्हटलं नको, आज उघडतेच हिला.

पोतं अंथरलं. वाटीभर रॉकेल,
जुन्या पेटीकोटाच्या चिंध्या.
आधी प्लग. अर्धा आटा हलेना,
मग कुरकुरत आला हातात.
वाटलं होतं काळा निघेल, काजळीनं लडबडलेला,
म्हाताऱ्या टू-स्ट्रोकचा निघतो तसा.
निघाला पांढरा.
चुन्याच्या डबीच्या झाकणासारखा, कोरडाठाक.

डिक्कीत त्यांचं फट मोजायचं माप सापडलं:
पोस्टकार्डाची कापलेली पट्टी, मधोमध दुमडलेली.
अक्षर आत्याचं. कात्रीतून वाचलेलं एवढंच,
"…शाल आहोत. पै…"
आणि खाली "…मलं तर पाठ…"

मग कार्बोरेटर.
हवेचा स्क्रू काढण्याआधी आत वळवत न्यायचा, फेरे मोजत,
म्हणजे परत लावताना चुकत नाही.
ही शिस्त त्यांचीच.
अर्धा. एक. दीड.
दीडला थांबायला हवा होता, पुस्तिकेत तसंच छापलंय.
दोन.
अडीच.
पुन्हा बाहेर काढून पुन्हा मोजला. अडीचच.
सुई उपसली. तिला पाच खाचा,
क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत.
म्हणजे सुई खोल उतरलेली,
पेट्रोलच्या तोंडावर बोट ठेवल्यासारखी.

इंदरगंजात कुशवाहाला प्लग दाखवला.
त्यानं ट्यूबलाइटखाली फिरवला, हुंगला,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"जिज्जी, जे गाड़ी तो भूखी चली है."

बिर्लानगरचा भोंगा बंद झाला त्या वर्षी
घरात काहीच कमी झालं नव्हतं.
दूध एक लिटरच, माझी फिजिक्सची ट्यूशन चालू,
दिवाळीला अनारसे, आईला साडी सुद्धा.
नाना रोज आठला डबा घेऊन निघायचे,
कुठे, ते मला बारावी झाल्यावर कळलं.
मुरारच्या रस्त्यावर दोनदा पिस्टन जॅम झाला होता.
दोन्ही वेळा ढकलत आणली त्यांनी,
शर्ट पाठीला चिकटलेला.
म्हणाले, ऊन मेलं फार आहे.
आम्ही हसलो होतो. मी तर नक्कल करून दाखवली होती
शेजाऱ्यांना.

आता कळतंय काटकसर कुठे केली त्यांनी:
एक फेरा इथे,
दोन खाचा तिथे.

क्लिप मधल्या खाचेत बसवली.
जेट फुंकून बघितलं, भोकातून आभाळाचा ठिपका दिसेपर्यंत.
नवा प्लग, पट्टीनंच फट मोजून.
स्क्रू दीडवर. तिसऱ्या किकला लागली,
पण आवाज पोकळ, घसा न भरलेला.
हल्लीचं पेट्रोल वेगळं,
त्याला पुस्तिकाही लागू पडत नाही.
मग कानानं. नखभर आत. अजून नखभर.
टाकीवर हात ठेवून,
जसं ताप बघतात.
सव्वावर ती शांत झाली.
सायलेन्सरचा निळा धूर धुक्यात मिसळला
आणि भदौरियांच्या सुनेनं खिडकी लावून घेतली.

गोला का मंदिरपर्यंत चौथ्या गिअरात नेली,
तिथंच इंजिन बंद करून कडेला घेतली,
चटके खात प्लग काढला.
चहाचा रंग. दूध बेताचं.

पस्तीस देईल आता लिटरला, फार तर.
नाना असते तर
गुडघ्यावर बसून स्क्रूचे फेरे मोजले असते,
म्हणाले असते, पन्नासची गाडी होती,
वाट लावलीस.

लावली, नाना.