वास नसलेली बाटली

नळाला पाणी आठव्या दिवशी.
म्हणून आमच्या घरात पाणी एका कामावर सुटत नाही :
तांदूळ धुतलेलं भांड्यांना,
भांड्यांचं फरशीला,
फरशीचं मोरीत
आणि मोरीतून, फुटक्या पाइपानं, मागच्या अळूला.

अळू बोलत नाही.
पानं आधी कडेनं पिवळी झाली,
मग देठ बसले,
मग उरला एक काळा कोंब, विझल्या काडीसारखा.
मी म्हटलं, ऊन लागलं.
लातुरात उन्हावर काहीही ढकलता येतं.

खरं काय ते हॉस्टेलवर कळलं.
क्लासच्या पोरींचं तीन मजली हॉस्टेल, अकरा संडास.
चौथ्यात पावडर टाकली,
डाग जाईना म्हणून वरून ॲसिड ओतलं,
आणि छातीत कुणी पत्रा कापायला बसलं.
वॉचमन नागोराव दंडाला धरून बाहेर ओढत म्हणाला,
"काय करूलालीस बाई, मरूलालीस का?"
पायरीवर खोकता खोकता
मला अळू आठवलं.

त्याच बाटल्या मी घरी आणत होते.
उरलेल्या. मालकाच्या. फुकटच्या.

त्या रात्री फळीवरची एकेक खाली घेतली
आणि विचारत गेले : तुझं पाणी अळूला चालंल का?
काळ्या फिनाईलनं मान खाली घातली.
हिरव्या झाकणावर कवटी होती,
इतकी बारीक की मी आजवर तिला डाग समजून पुसत होते.
एका निळ्या डब्यावरची अक्षरं वाचताच आली नाहीत,
तो अजून तिथंच आहे, निकाल न लागलेला.

गंजगोलाईतून पावशेर रिठे आणले.
तांब्यांना चिंच, ती तर गल्लीत कुणीही मूठभर देतं.
भावजय औशाहून तुराट्यांची राख घेऊन आली,
बसमध्ये मांडीवर पिशवी.
कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
ती म्हणाली, राख.
त्यानं टोपी काढली
आणि लगेजचे पैसे घेतले नाहीत.

खोटं बोलणार नाही :
रिठ्याचा फेस गरीब असतो,
तेलकट कढईपुढं हात टेकतो.
सोडा टाकून संडास घासताना खांदा भरून येतो.
ॲसिडला घासावं लागत नव्हतं,
नुसतं ओतायचं आणि तोंड फिरवायचं.

शनिवारी मैनोद्दीनचाचा आला,
सायकलला दोन्हीकडून क्रेट,
कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत न पिण्याचं भरलेलं.
मी म्हटलं, एक रिकामी द्या.
रिकामी? त्याच्या धंद्यात हे गिऱ्हाईक पहिलंच.
मग मी रिठ्याचं पाणी दाखवलं.
त्यानं नाकाशी धरलं, परत धरलं,
"याला वासच नाही बेटी.
साफ झालं, हे माणसाला कळंल कसं?"

मला उत्तर सुचलं नाही.
मी त्याच्या हाताकडं बघत होते.
पेरं पांढरी, नखांच्या कडा खाल्लेल्या.
रेशनच्या मशीनवर त्याचा अंगठा उठत नाही,
तीन महिने झाले,
मशीन म्हणतं, हा माणूस तो नाहीच.

मूठभर रिठे त्याच्या हातावर ठेवले.
त्यानं मोजले, खिशात टाकले,
रिकाम्या बाटलीचे दोन रुपये घेतले
आणि कोपऱ्यावर जाऊन ओरडला :
फिनाऽऽईल, ॲसिऽऽड.

सोमवारी परत अकरा संडास.
मालक दारात उभा राहून आधी हुंगतो, मग बघतो.
त्याला तोच वास लागतो.
मी दार सताड उघडं ठेवते,
एका वेळी एकच बाटली,
हातमोजे माझ्या पैशाचे.

घरी आल्यावर पाय धुते,
ते पाणी मागं जातं.
काळ्या कोंबाशेजारी करंगळीएवढं काहीतरी आहे,
गुंडाळलेलं.
पान असेल, गवत असेल.
अजून त्याला काही विचारलेलं नाही.